किसुमूची शिकवणी

आमच्या कॉलनीत माणसाची पत त्याचं कोण कुठल्या देशात आहे यावरून ठरते. समोरच्या मोतीरामभाऊंचा मुलगा कॅनडात आहे, म्हणून मोतीरामभाऊ नुसते खाकरले तरी चार माणसं मान डोलावतात. मागच्या गल्लीतल्या कलाबाईंची भाची दुबईला असते. ती तिथे नेमकं काय करते हे कलाबाईंनाही सांगता येत नाही, पण हळदीकुंकवाला पहिला मान त्यांचा. आमचा मुलगा श्रेयस खामगावला असतो. खामगाव काही वाईट गाव नाही. चांदी चांगली मिळते. पण खामगावहून आलेल्या माणसाला बघायला कोणी गेटपाशी जमत नाही.

अशा परिस्थितीत मला केनियातून फोन आला, तेव्हा मी तो मुद्दाम अंगणात जाऊन घेतला.

फोन समताचा होता. समता डोणगावची, माझी जुनी विद्यार्थिनी. नवऱ्याच्या नोकरीपायी ती किसुमू नावाच्या गावी गेली आणि तिथल्या चर्चच्या दवाखान्यात नर्स म्हणून लागली. "सर, चर्चचा इथे वंचित मुलांसाठी संध्याकाळचा अभ्यासवर्ग आहे," ती म्हणाली. "गणिताला कोणी नाही. तुम्ही व्हिडिओवर शिकवाल का? पैसे मिळणार नाहीत सर, सेवा म्हणून."

'वंचित' हा शब्द कानावर पडला आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. निवृत्त माणसाची खरी अडचण पैशाची नसते, त्याच्याकडून कोणी उपकार करून घेत नाही ही असते. मी "विचार करून सांगतो" एवढंही न म्हणता "हो" म्हणालो, आणि "आफ्रिकेतल्या मुलांना ना? शिकवतो की, आफ्रिकेतल्या मुलांना!" हे वाक्य मोतीरामभाऊंच्या खिडकीच्या दिशेने दोनदा उच्चारलं.

घरात शैलजा भाजी निवडत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अहो, तानुबाई आपल्याकडे भांडी घासते. तिच्या नातवाला अपूर्णांक समजावून सांगा म्हटलं तर तुमचं डोकं दुखतं."

"ते वेगळं."

"काय वेगळं?"

"ही मुलं परदेशात आहेत."

यावर तिने मेथीची एक जुडी इतक्या जोरात आपटली की वाद तिथेच संपला. बायकोशी वाद घालताना शेवटचं वाक्य नेहमी भाजीचं असतं.

संध्याकाळपर्यंत सल्लागार जमले. कॉलनीत कोणाच्या छातीत दुखलं तर रिक्षा आणायला माणूस मिळत नाही, पण सल्ला द्यायला खुर्च्या पुरत नाहीत. मोतीरामभाऊ पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले असल्यामुळे त्यांना जगातलं सगळं कळतं.

"सर, चर्च म्हंता तुमी. पह्यले गनित शिकवाले लावतीन, मंग हळूच तुमालेच शिकवतीन. मले अनुभव हाय."

"तुम्हाला कसला अनुभव? तुमचा मुलगा कॅनडात संगणकावर काम करतो."

"तेच म्हंतो ना मी. त्याले कुठं चर्चनं बलावलं? तुमालेच काऊन बलावलं?"

माझ्या गणितामुळे, असं म्हणायचा मोह झाला होता. कलाबाई शैलजाला बाजूला घेऊन म्हणाल्या, "वहिनी, आता गुरुवारचा उपास ठेवान का सोडान?" शैलजाने त्यांना चहा दिला नाही. पण दुसऱ्याच दिवशी मला बसमध्ये घालून ती शेगावला घेऊन गेली. महाराजांपुढे हात जोडून बराच वेळ उभी राहिली आणि बाहेर आल्यावर म्हणाली, "सांगितलंय मी त्यांना. त्यांची काही हरकत दिसत नाही. फक्त नीट शिकवा म्हणे."

महाराजांचा होकार मिळाला, पण पोलिसांचा मिळायचा होता. मुलांना शिकवणाऱ्या प्रत्येकाने चारित्र्याचा दाखला द्यावा असा त्या चर्चचा नियम. मी आयुष्यभर मुलांना शिकवलं, पण माझं चारित्र्य कसं आहे हे सरकारला कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. ठाण्यातले हवालदार माझ्याकडे पाहत म्हणाले, "कायले पायजे दाखला?"

"केनियातल्या गरीब लेकरांना गणित शिकवायचंय."

"आन् मंग इथल्या लेकरायनं काय घोडं मारलं?"

अर्ज ऑनलाइन भरायचा होता. तो भरला, तर फोटोत माझे कान दिसत नाहीत म्हणून परत आला. कान दाखवून भरला, तर पत्त्यात गल्ली चुकली. शेवटी चौकशीसाठी पोलिसांची जीप थेट दारात येऊन उभी राहिली, तीही भर दुपारी, कॉलनीतल्या बायका गच्चीवर पापड वाळत घालत असताना. हवालदाराने शेजाऱ्यांची साक्ष म्हणून मोतीरामभाऊंना विचारलं, "मानूस कसा हाय?" मोतीरामभाऊ माझ्यादेखत विचारात पडले. इतका विचार त्यांनी पाटबंधारे खात्यात कुठल्या धरणाचा केला असता तर आज जिल्हा हिरवागार असता. "तसा बरा हाय," ते शेवटी म्हणाले. गुन्हेगारालाही यापेक्षा बरं प्रशस्तिपत्र मिळत असेल. जीप गेल्यावर आठवडाभर किराणा दुकानदार माझ्याशी अदबीने वागला, एवढाच फायदा.

पहिल्या वर्गासाठी मी कोट घातला. भाषण पाठ केलं: गरिबीची लाज बाळगू नका, परिस्थितीवर मात करा, वगैरे. तिथली दुपार कलते तेव्हा आमच्याकडे दिवेलागण होते. मी लॅपटॉपसमोर बसलो, पडदा उघडला आणि समोर एक प्रशस्त, स्वच्छ, लख्ख उजेडाची खोली दिसली. इस्त्रीच्या गणवेशातली मुलं ओळीने बसलेली. मागे सगळ्या वर्गाची व्यवस्था पाहणाऱ्या मिसेस ओडुओर, भरघोस बांध्याच्या, डोक्याला फुलाफुलांचं कापड बांधलेल्या बाई. त्यांनी प्रार्थना सांगितली. मी उभा राहिलो आणि डोळे अर्धेच मिटले, म्हणजे कोणत्याच बाजूला तक्रारीला जागा नको. प्रार्थनेच्या शेवटी सगळे "आमेन" म्हणाले.

मग मी भाषण सुरू केलं. "माझ्या गरीब मुलांनो," असं इंग्रजीत म्हणालो आणि आमच्याकडची वीज गेली.

लॅपटॉप बॅटरीवर आणि नेट फोनवरून चालू होतं, पण माझा चेहरा गडप झाला. शैलजाने धावत येऊन टॉर्च दिला. तो मी हनुवटीखाली धरला. अशा उजेडात माणूस कसा दिसतो हे मला नंतर फोटोत कळलं. पुढच्या बाकावरची अचिएंग नावाची मुलगी घाबरून म्हणाली, "सर, तुमच्याकडे काय झालं?"

"काही नाही. वीज गेली. रोज जाते."

"रोज?" मागून ओटिएनो नावाच्या मुलाने विचारलं. त्याच्या आवाजात सहानुभूती होती. माझ्या भाषणात जी मी घालणार होतो, नेमकी तीच.

भाषण बारगळलं. मी सरळ गणिताला हात घातला आणि खरं सांगतो, मुलं फार हुशार होती. त्यांचं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं होतं. माझं इंग्रजी वऱ्हाडी वळणाचं, ते मेहकरच्या पुढे गेलं की धापा टाकतं. पण गणित कुठल्याही भाषेत गणितच असतं. दोन-तीन आठवड्यांत आमची गाडी रुळावर आली. संध्याकाळ झाली की मी दाढी करून, कोट घालून बसायचो. कॉलनीला ऐकू जावं म्हणून खिडकी उघडी ठेवायचो.

मग एका संध्याकाळी ऐन वर्गात शैलजा स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, नळ आला!"

आमच्याकडे नळ आला म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला समजावून सांगणं कठीण आहे. तो आठवड्यातून एकदा, त्याच्या मनात आलं तर येतो, आणि घरातलं कोणी देवपूजेत असो की मरणपंथाला लागलेलं असो, उठून धावावं लागतं. मी कोटासह धावलो. पिंप, बादल्या, घागरी, कळशा, शेवटी पूजेचा तांब्यासुद्धा भरला. धोतरासारखी वर खोचलेली पँट आणि ओला कोट अशा अवस्थेत परत येऊन बसलो, तर मुलं अवाक होऊन पाहत होती. लॅपटॉपचं तोंड स्वयंपाकघराकडे होतं.

आता चांगला शिक्षक प्रत्येक प्रसंगाचं उदाहरण करतो. मी म्हणालो, "हेच गणित घ्या. आमच्या घरची ही पिंपं, एवढ्या बादल्या, घरात दोन माणसं, पाणी आठवड्याने येतं. तर रोज किती वापरता येईल?" मुलांनी माना खाली घातल्या. सगळ्यात आधी ओटिएनोचं उत्तर आलं, मग इतरांचं. सगळ्यांचं उत्तर सारखं होतं. ते बरोबरही होतं.

"सर," ओटिएनो हळूच म्हणाला, "हे पाणी आठवडाभर पुरतच नाही."

"पुरवावं लागतं."

किसुमूला लागून समुद्राएवढं सरोवर आहे. त्या मुलांना हे गणित सुटलं, पण समजलं नाही. मग अचिएंगने अगदी नाजूकपणे, जणू आजाऱ्याला विचारावं तसं विचारलं, "सर, तुम्ही आंघोळ करता ना?"

मी हसून वेळ मारून नेली. त्या दिवशीच्या शेवटच्या प्रार्थनेत मला माझं नाव ऐकू आलं. "आणि टीचर खेर्डेकर..." पुढचं कळलं नाही. कृतज्ञता असणार, असं मी धरलं. मी शैलजालाही तसंच सांगितलं. ती म्हणाली, "मग तुमचं नाव घेताना ती पोरगी डोळे काऊन पुसत होती?"

"भावना," मी म्हणालो.

इकडे गावात माझी कीर्ती पसरत होती. ती आपोआप पसरली असं नाही, मी जिथे जाईन तिथे थोडी सांडत होतो. स्थानिक पेपरात बातमी आली. ज्येष्ठ नागरिक संघाचे अध्यक्ष रामराव माझ्याकडे आले. रामराव साखरखेर्ड्याकडचे मोठे शेतीवाले. मुलांच्या शिक्षणासाठी आमच्या कॉलनीच्या टोकाला बंगला बांधला, मुलं शिकून निघून गेली आणि बंगल्यात रामराव उरले. "सर, तुमचा सत्कार कराचा हाय आमाले. आपल्या गावच्या मानसानं आफ्रिकेतला अंधार दूर केला, हे काय लहान काम हाय का?"

त्यांच्या मागे लोडशेडिंगमुळे अख्खी गल्ली अंधारात होती. पण सत्काराच्या निमंत्रणात माणूस असल्या गोष्टी बघत नाही.

त्याच सुमारास समताचा निरोप आला: "सर, मुलांनी तुमच्यासाठी व्हिडिओ केलाय. घरी मॅडमना कळावं म्हणून मी मराठीत बोललेय." व्हिडिओ माझ्या फोनवर उघडेना. त्यातली सगळी जागा लोकांच्या 'सुप्रभात'च्या फुलांनी अडवली होती. पण तो काय असणार हे उघड होतं. मी तो तसाच रामरावांना पाठवला आणि लिहिलं: सत्काराच्या वेळी पडद्यावर दाखवावा. माणसाने एवढा आत्मविश्वास बाळगू नये, हे मी चाळीस वर्षं मुलांना पेपर तपासताना सांगत आलो होतो.

सभागृह भरलं होतं. मोतीरामभाऊ पहिल्या रांगेत, कलाबाई दुसऱ्या रांगेत नवी साडी नेसून. रामराव शाल हातात घेऊन बोलत होते, "आन् आता त्या गरीब लेकरायचा आपल्या सरांसाठीचा संदेस पाहू."

दिवे मालवले. पडद्यावर किसुमूचं चर्च आलं. मुलांच्या समूहगायनाने सुरुवात झाली. सगळे माझ्याकडे कौतुकाने वळून पाहू लागले. मी नम्रतेने जमिनीकडे बघितलं. मग समताचा गोड, स्पष्ट आवाज आला: "आमचे गणिताचे सर भारतात अतिशय कठीण परिस्थितीत राहतात."

मी मान वर केली.

पडद्यावर मी होतो. हनुवटीखाली टॉर्च, डोळे खोबणीत गेलेले. पुढचा फोटो: मी ओल्या कोटात, पँट खोचलेली, हातात बादली. "त्यांच्याकडे वीज नसते. पाणी पुरत नाही. तरीही ते रोज एकच कोट घालून आम्हाला शिकवतात." मग चर्चचं आवार दिसलं. मुलं मोठ्या कढईत मांदाझी नावाचे गोड वडे तळत होती, लोक रांगेत उभे राहून विकत घेत होते, आणि मागे फलक होता. त्यावर काय लिहिलंय तेही समताने वाचून दाखवलं: "आमच्या गरीब सरांना मदत करा." शेवटी अचिएंग समोर आली, डोळे मिटून म्हणाली आणि समता सांगत गेली: "देवा, आमच्या सरांना पाणी दे. आमेन."

"आमेन," सभागृहात कोणीतरी ठणठणीत आवाजात म्हणालं.

शैलजा होती. रोज संध्याकाळी ऐकून तिला सवय झाली होती.

दिवे लागले. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. सगळे माझ्याकडे बघत होते, जसं आपण देवळाच्या पायरीवरच्या माणसाकडे पाकिटाला हात घालण्याआधी बघतो. रामराव शाल घेऊन क्षणभर अडखळले. मग त्यांनी ती माझ्या खांद्यावर टाकली आणि कानाशी वाकून म्हणाले, "ठिवा सर. थंडीत कामी येईन."

दुसऱ्या दिवशी सकाळी कलाबाईंकडून झाकलेला डबा आला. त्यात कालची भाकरी होती. मोतीरामभाऊ गेटावर उभे राहून म्हणाले, "सर, तुमी कधी बोलले नाई. एखादी जुनी पँट..." मी दार लावून घेतलं.

आत शैलजा शांतपणे चहा गाळत होती. "हसू नकोस," मी म्हणालो.

"मी कुठं हसते?" ती म्हणाली. "इतकी वर्षं झाली या कॉलनीत. उन्हाळ्यात माझं कंबरडं मोडलं बादल्या उचलून. एकानं तरी विचारलं का, वहिनी, पाणी पुरते का तुमाले? विचारलं कोणी? त्या पोरीनं विचारलं."

मी चहा घेतला. तो नेहमीपेक्षा चांगला लागला, आणि त्याचाही मला राग आला.

आता प्रश्न प्रतिष्ठेचा होता. मी गरीब नाही, हे किसुमूला पटवून देणं आवश्यक होतं. मोतीरामभाऊंच्या बैठकीत मखमली सोफा आहे, एसी आहे, इन्व्हर्टर आहे, आणि भिंतीवर मुलाचा बर्फात उभा असलेला हातभर फोटो आहे. एक दिवस तिथून वर्ग घेऊ द्या, अशी मी त्यांना विनंती केली. ते लगेच तयार झाले. अट एकच, फोटो दिसला पाहिजे.

मी सोफ्यावर पायावर पाय टाकून बसलो. एसीमुळे दात वाजत होते. मुलं आली आणि बघतच राहिली. "सर, हे कुठे?"

खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाने ऐनवेळी प्रयत्न करू नये. मी म्हणालो, "हे... घर आहे." तेवढ्यात मोतीरामभाऊ स्वतः चहाचा ट्रे घेऊन पडद्यात शिरले, माझ्यापुढे कप ठेवला आणि कॅमेऱ्याला नमस्कार केला.

"हे कोण?" अचिएंगने विचारलं.

"माझे शेजारी."

तिने माझ्याकडे आणि सोफ्याकडे पाहिलं. मग तिचा चेहरा पडला. "सर, तुमचं घर गेलं का?"

मी काय काय सांगितलं ते आता आठवत नाही. जेवढं सांगत गेलो तेवढं माझं घर जास्तच गेलं. वर्गाच्या शेवटी मिसेस ओडुओर यांनी, बेघर झालेल्या शिक्षकाला आसरा देणाऱ्या या श्रीमंत, दयाळू गृहस्थाला देव उदंड आयुष्य देवो, अशी प्रार्थना केली. मोतीरामभाऊंना त्यातलं 'रिच' तेवढं कळलं. त्यांनी पुन्हा नमस्कार केला.

लगोलग समताचा फोन आला. चर्चच्या समितीने ठरवलं होतं: सरांना पाण्याची मोठी टाकी आणि एक इन्व्हर्टर. तिचा भाऊ गोकुळ याचं डोणगावला हार्डवेअरचं दुकान आहे, तो आणून बसवून देणार.

"समता, मी हे घेणार नाही," मी शक्य तितक्या कडक आवाजात म्हणालो. "मी मदत करायला आलो होतो. मला पेन्शन आहे. माझी काय इज्जत राहिली इथे?"

ती म्हणाली, "सर, एक सांगू का? या लेकरांना जन्मापासून सगळे देतच आले. कपडे देतात, वह्या देतात, फोटो काढतात. घ्यायची त्यांना सवय आहे. देणं त्यांनी पहिल्यांदा केलंय. वडे तळताना ओटिएनोचा हात भाजला, तर तो सगळ्यांना दाखवत फिरतोय. तुम्ही नाही म्हणालात तर त्याला मी काय सांगू?"

उपकार करायची हौस एकट्या मलाच असते अशी माझी समजूत होती. हात दाखवत फिरणारा तो पोरगा माझ्या डोळ्यांसमोर आला. बातमीचं कात्रण खिशात घालून बाजारातून फिरणारा मीही आला. आमच्यात फरक एवढाच होता की त्याचा हात खरोखर भाजला होता.

"बरं," मी म्हणालो. "पाठव म्हणावं."

ही बातमी कलाबाईंपर्यंत कशी गेली ते माहीत नाही. त्यांच्यापर्यंत बातम्या जात नाहीत, बातम्याच त्यांच्याकडे राहायला असतात. पण टाकी आणि इन्व्हर्टर मिळतंय हे कळलं आणि आमची कॉलनी एका रात्रीत दारिद्र्यात बुडाली. काल मला शिळी भाकरी पाठवणाऱ्या कलाबाई आज शैलजाचा हात धरून म्हणाल्या, "वहिनी, आमी काय दुसरे हाव का? आमालेबी नळ तुमच्याच दिवशी येतो ना!" रामराव आपली मोठी गाडी कोपऱ्यावर लावून पायी आले. "सर, बंगला पायता तुमी, पन आत मानूस कसा राह्यते थे कोनी पायते का?" आणि मोतीरामभाऊ, ज्यांना चर्चचा अनुभव होता, मला म्हणाले, "मी काय म्हंतो सर, देव एकच असते."

"पण तुमच्याकडे इन्व्हर्टर आहे, भाऊ."

"जुना झाला थो."

मी समताला सांगितलं, समताने मिसेस ओडुओरना. त्या बाई मोठ्या न्यायी. त्यांनी निरोप दिला की कोणाचीही विनंती न पाहता नाकारणार नाही, पण पैसे मुलांनी जमवलेत, म्हणून रविवारी मुलांच्याच समितीसमोर व्हिडिओवर प्रत्येक घर दाखवा. मग काय विचारता! रविवारी सकाळी कॉलनीत जी तयारी चालली ती दिवाळीलाही चालत नाही, फक्त उलट्या दिशेने. पडदे उतरले. रामरावांनी अंगठ्या काढून ठेवल्या आणि नोकराचा सदरा घातला. सदरा त्यांच्यापेक्षा चांगल्या स्थितीत होता. मोतीरामभाऊंनी सोफा मागच्या अंगणात काढला, एसीवर बायकोची विटकी साडी टाकली, फाटकी बनियन घातली आणि दारात रिकामी घागर घेऊन बसले. तानुबाई आमच्याकडे येताना तिथे थांबली. घरात काही झालं की काय असं वाटून तिने त्यांच्या हातावर दहा रुपये ठेवले. ते त्यांनी घेतले. मी स्वतः पाहिलं.

मी फोन धरून दारोदार फिरलो. दुसरीकडे ओटिएनो आणि अचिएंग गंभीर चेहऱ्याने बघत होते. कलाबाईंच्या स्वयंपाकघरात मुलांनी फक्त एवढंच विचारलं, "फ्रिज एवढा मोठा का आहे?" रामराव "गरीब, व्हेरी गरीब" म्हणत राहिले, पण मागे त्यांच्या गाडीची चावी हातात घेऊन ड्रायव्हर उभा होता. मोतीरामभाऊंनी घागर उलटी करून दाखवली आणि रडवेला चेहरा केला.

अचिएंगचा चेहरा उजळला. "हे तर आपल्या सरांना आसरा देणारे श्रीमंत काका!" ती ओरडली. "काका, तुमचा सोफा कुठे गेला?"

मोतीरामभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी एसीकडे पाहिलं. साडी वाऱ्याने घसरत होती.

निकाल संध्याकाळी आला. मिसेस ओडुओर यांनी स्वतः कळवला, अतिशय सौजन्याने. आपल्या शेजाऱ्यांच्या भावनांचा आम्ही आदर करतो, परंतु मदत मर्यादित असल्याने गरजू माणसालाच देता येईल. संपूर्ण वसाहतीतून समितीने एकच नाव एकमताने मंजूर केलं आहे.

मी खुर्चीत बसून राहिलो. आयुष्यभर गणित शिकवलं, शाळेचा निकाल राखला, कोणापुढे हात पसरला नाही, आणि म्हातारपणी सरोवराकाठच्या शाळकरी मुलांनी मला रीतसर तपासून दरिद्री ठरवलं. शैलजा माझ्याकडे बघत होती. मी रडणार आहे असं तिला वाटलं असावं. मलाही तसंच वाटत होतं.

पण मी उठलो, चपला घातल्या आणि बाहेर गेलो. समोर मोतीरामभाऊ बनियनवर घाम गाळत सोफा परत आत ओढत होते. दाराच्या चौकटीत तो अडकला होता.

"काऊन सर," त्यांनी धापा टाकत विचारलं, "काय झालं आपलं?"

"तुमचं नामंजूर," मी म्हणालो. "रामरावांचं नामंजूर. कलाबाईंचंही नामंजूर. अख्ख्या कॉलनीतून मी एकटा पात्र ठरलो."

एवढं बोलून मी छाती पुढे काढून रस्त्याच्या मधोमध उभा राहिलो. आवाज जरा मोठाच लागला होता. मागच्या गल्लीत कलाबाईंना तो ऐकू गेला की नाही, याची खात्री नव्हती, म्हणून मी ते वाक्य आणखी एकदा म्हणालो.